सव्वीस इंची बाही

मास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी हात केला की ते आधी त्याचे खांदे बघत, मग कंबर, आणि मग ओळख पटल्यासारखं हसत. 'डावा खांदा अर्धा इंच खाली' हे त्यांच्या लेखी एखाद्याचं नाव असे आणि 'मान पुढे, पाठ सोळा' हा त्याचा पत्ता. सख्ख्या साडूला त्यांनी एकदा बसथांब्यावर ओळखलं नव्हतं. साडूने नवा रेडिमेड कोट घातला होता आणि त्यात त्याचे खांदे कुठे आहेत तेच सापडत नव्हतं, ही मास्तरांची बाजू. साडू त्यानंतर वर्षभर घरी आला नाही, ही साडूची.

शिंप्याचा धंदा मास्तरांनी वयाच्या सोळाव्या वर्षी धरला आणि पुढे तो त्यांना सुटला नाही. चढाच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला लागून त्यांचं दुकान. आत दोन मशिनं, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कटिंगचं टेबल, कपडे घालून बघायला पडद्याआडची जागा, आणि दोऱ्यांच्या रिळांच्या फळीवर एक टीव्ही. एक मशीन मास्तरांचं, दुसरं बायकोचं. कामाची वाटणी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ठरली होती, ती कधी बदलली नाही. माप मास्तर घेत आणि आकडा मोठ्याने म्हणत. वहीत तो बायको लिही. मास्तरांचं अक्षर असं होतं की लिहून तासभर झाला की त्यांनाही वाचता येत नसे.

गेली एकतीस वर्षं शहराच्या बास्केटबॉल क्लबच्या खेळाडूंचे कोट मास्तर शिवत होते. हिरवे, दोन बटणांचे, खिशावर क्लबचं चिन्ह. नव्या खेळाडूला लोकांसमोर उभं करायच्या दिवशी तो कोट घालावा लागे. साडेसहा-सात फुटी माणसं दुकानात यायची, दारात वाकायची, आणि मास्तर स्टुलावर चढून त्यांचे खांदे मोजायचे. या कामाचा त्यांना इतका अभिमान होता की सामना हरला तरी ते म्हणत, "कोट मात्र बरोबर बसले होते."

शनिवारी दुपारी दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा बसायला येणारेच जास्त असत. त्यातले तीन पक्के. एक पोस्टमन, आता निवृत्त, पण अजूनही कुठल्याही घराचा उल्लेख मजल्यानिशी करणारे. दुसऱ्या, शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई. तिसरा मास्तरांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा. क्लबचा सामना असला तर तो बघायचा, नसला तर गेल्या सामन्यावर भांडायचं, असा कार्यक्रम होता.

त्या वर्षी भांडायला चांगला विषय मिळाला. दर वर्षी लीगमधले क्लब ओळीने एकेक नवा खेळाडू उचलतात, त्या निवडीला सगळे ड्राफ्ट म्हणतात. या क्लबने दुसऱ्या फेरीत एक गार्ड उचलला. गार्ड म्हणजे चेंडू पुढे घेऊन येणारा, खेळ चालवणारा. यादीत त्याची उंची लिहिली होती पाच फूट दहा इंच.

"पाच-दहा," पोस्टमन म्हणाले. त्यांनी ते तीनदा म्हटलं, दर वेळी इंच थोडे कमी झाल्यासारखं. "दुसऱ्या बाजूचा सर्वांत बुटका गार्ड सहा-तीन. हा त्याच्यासमोर उभा राहिला की टीव्हीवर दिसणार तरी का? खेळाडू घेतला की बटण घेतलं?"

तेव्हापासून गार्डचं नाव बटण पडलं.

"मी त्याचे कॉलेजचे सामने बघितलेत," बाई म्हणाल्या. "सहा सामन्यांत एकोणीस वेळा त्याने समोरच्याच्या हातातून चेंडू काढून घेतलाय. तो खालून येतो, समोरच्याला दिसतच नाही."

"आणि त्याच्या डोक्यावरून पास किती गेले ते मोजलंत का? बाई, मी सदतीस वर्षं टपाल वाटलं. पेटी उंच असली आणि हात पुरला नाही, तर पत्र कितीही चपळाईने टाका, ते खालीच पडतं."

"लिफ्टमध्ये बघा," मेहुणा म्हणाला. त्याची सगळी उदाहरणं लिफ्टमध्ये घडत. "गर्दी आहे, दार उघडलं. पहिला बाहेर कोण पडतो? बुटका. उंच माणूस आधी वाकतो, मग बघतो, मग निघतो. तोवर दार बंद."

"तू दुरुस्त केलेल्या लिफ्टचं सांगतोयस," पोस्टमन म्हणाले. "तिचं दार उघडतं तरी का?"

मास्तरांनी कापडावरचा खडू खाली ठेवला. ते बोलायला लागले की दुकानात जरा शांतता होई, कारण खेळाडूंना प्रत्यक्ष हात लावलेला माणूस तेवढाच होता. "हे बघा. कापडच कमी आलंय. दीड मीटरमध्ये कोट होत नाही. कारागीर कितीही चांगला असू दे. बाही काढली तर कॉलरला पुरत नाही, कॉलर काढली तर खिसा जातो. त्या पोराचा दोष नाही, पण होत नाही म्हणजे होत नाही."

पलीकडच्या मशिनवरून बायकोने मान वर न करता विचारलं, "अहो, हे मत आहे की माप?"

"मत."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि मशीन चालू केलं.

दोन दिवसांनी क्लबचे व्यवस्थापक आले. हे गृहस्थ हसतमुख होते आणि वाईट बातमी नेहमी हसूनच देत. एका रेडिमेड कंपनीने क्लबला सगळे कोट पुरवायची तयारी दाखवली होती. उंची कळवली की झालं, माप नको, ट्रायल नको. कमिटीतल्या निम्म्या लोकांना ते पटलं होतं.

"मी तुमच्या बाजूने बोललो, मास्तर. एकतीस वर्षांत एक तक्रार नाही म्हणालो. तर ते म्हणाले, या हंगामातही आली नाही तर काम मास्तरांकडेच. एक जरी आली, तरी पुढच्या वर्षीपासून कंपनी."

"येणार कशी?" मास्तर म्हणाले.

"तेच म्हटलं मी," व्यवस्थापक हसून म्हणाले.

त्याच आठवड्यात गार्ड माप द्यायला आला. दारात तो वाकला नाही आणि मास्तरांना स्टूलही लागलं नाही. या दोन्ही गोष्टी मास्तरांनी मनात नोंदवल्या. पोरगा बावीस वर्षांचा, अंगाने काटक, बोलायला गोड. मास्तरांनी मानेच्या मणक्यावर टेप धरला आणि तो टाचेपर्यंत सोडला. कोटाची लांबी ठरवायला हे माप लागतं. आकडा त्यांनी म्हटला आणि बायकोने लिहिला. पण मास्तरांचं डोकं तिथेच अडकलं. या मापात मान आणि डोकं मिळवलं की पूर्ण उंची निघते, आणि ती पाच-दहा निघत नव्हती. पाच-साडेसात निघत होती. तीही जरा मोठ्या मनाने.

"छाती अडतीस," मास्तर म्हणाले. पाच-साडेसात, ते मनात म्हणाले. "खांदा साडेसतरा." पोस्टमनना हे कळलं तर आठवडाभर जेवणार नाहीत आनंदाने. "बाही सव्वीस. मनगट सात."

टेप गुंडाळताना गार्ड म्हणाला, "काका, ते मानेपासून खालपर्यंतचं माप वहीत लिहावंच लागतं का?"

"लागतं."

"त्यावरून उंची काढता येत असेल."

"ज्याला येते त्याला येते."

"तुम्हाला?"

मास्तरांनी टेप गळ्यात घातला. "या वहीत एका न्यायाधीशाची ढेरी आहे. ती त्यांच्या बायकोलाही माहीत नाही. माप या दुकानाबाहेर जात नाही."

गार्ड हसला. जरा वेळाने म्हणाला, "क्लबने बूट घालून मोजली होती."

"बूट बरेच जाड असणार."

"मोजेपण दोन जोड होते," गार्डने कबूल केलं.

पुढे तो सरावाच्या शिबिराला दुसऱ्या गावी गेला, त्यामुळे ट्रायल होणार नव्हती. कोट थेट समारंभाच्या दिवशी न्यायचा असं ठरलं. मास्तरांनी एका सकाळी कापड पसरलं, वही उघडली आणि बाहीच्या ओळीवर त्यांची नजर थांबली. सव्वीस. सव्वीस ही सव्वासहा फुटी माणसाची बाही. पाच-साडेसातच्या माणसाला चोवीस, फार तर साडेचोवीस. आपण हा आकडा स्वतःच्या तोंडाने म्हटला होता, हे त्यांना आठवेना, कारण त्या वेळी ते उंचीच्या हिशेबात गुंतले होते. बायको भाजी आणायला गेली होती. ती येईपर्यंत थांबून तिला विचारायला हरकत नव्हती. पण विचारायचं काय? ज्या डोळ्यांना रस्त्यापलीकडच्या माणसाची कंबर कळते, त्यांना समोरच्या पोराचा हात कळणार नाही? तिच्या हातून सहा पडला असेल चारच्या जागी. मास्तरांनी सव्वीसवर रेघ मारली, वर चोवीस लिहिलं आणि कात्री चालवली.

समारंभ शनिवारी चार वाजता होता. गार्ड बारा वाजता आला, कोट अंगात घातला, आरशासमोर उभा राहिला. खांदे बसले, छाती बसली, पाठीला एक सुरकुती नाही. आणि दोन्ही हात कोटातून बाहेर आले होते. मनगटाची हाडं, त्याच्या पुढचा हात, सगळं. एखाद्याने धाकट्या भावाचा कोट घालावा तसं.

मास्तर पुढे झाले. त्यांनी टेप काढला, खांद्याला लावला, मनगटापर्यंत सोडला. सव्वीस. पुन्हा लावला. दुसऱ्या हाताला लावला. तिथेही सव्वीसच.

बायको वही घेऊन आली. तिने ते पान उघडून टेबलावर ठेवलं. "आकडा माझ्या अक्षरात आहे," ती म्हणाली. "वरची रेघ कुणाची आहे ते मी विचारत नाही."

मास्तरांनी बाहीचं अस्तर उसवलं. बाहीच्या टोकाला आत दुमडून ते नेहमी इंचभर कापड जास्त ठेवत. ते सगळं सोडलं, पुन्हा शिवलं, इस्त्री मारली. पंचवीस झाली. त्यापुढे एक इंच कुठून आणणार? घड्याळात तीन वाजत आले होते.

"असू दे काका," गार्ड म्हणाला. "शाळेपासून माझ्या सगळ्या बाह्या अशाच असतात. दुकानदार उंची बघून देतात ना."

त्याने हे सांत्वन म्हणून म्हटलं आणि तो निघून गेला. मास्तर बराच वेळ उसवलेले दोरे गोळा करत राहिले. दुकानदार उंची बघून देतात, कारण त्यांच्याजवळ दुसरं काही नसतं. मास्तरांनी टेप लावला होता, आकडा म्हटला होता, लिहून घेतला होता, आणि मग कोट उंची बघून दिला होता.

चार वाजता तिघं पक्के येऊन बसले. दुकानात काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं. टीव्हीवर गार्ड मंचावर आला. क्लबने त्याच्या हातात त्याच्या नंबराची जर्सी दिली आणि त्याने ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. कोटाच्या बाह्या सरसर मागे गेल्या आणि जवळजवळ कोपरापर्यंत उघडे हात शहरभर दिसले.

"थांबा," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. त्या उठून टीव्हीजवळ गेल्या. "हात बघा त्याचे."

"बघतोय," मेहुणा म्हणाला.

"हे पाच-दहाच्या माणसाचे हात आहेत? हे तर हात संपतच नाहीत. म्हणून चेंडू काढून घेतो तो! मी काय सांगत होते?"

पोस्टमन पुढे वाकले. त्यांचं तोंड हळूहळू पेटी उंच असूनही पत्र आत गेल्यासारखं झालं. "हात लांब आहेत खरे," ते नाइलाजाने म्हणाले. "मास्तरांच्या कोटातून इतके बाहेर येतात म्हणजे लांबच असणार. मास्तरांची बाही काही चुकत नाही."

मास्तरांनी टीव्हीवरची नजर काढली. "बाही चुकली आहे," ते म्हणाले.

तिघांनी त्यांच्याकडे बघितलं. मग पोस्टमन हसले. "काय हे, मास्तर. वाद हरायला लागलात म्हणून स्वतःच्या कात्रीवर घेताय?"

"भावोजी, पोराचे हात लांब आहेत हे मान्य करायला काय जातं?" मेहुणा म्हणाला.

"मी सांगतोय ना, माझ्या हातून—"

"तुमच्या हातून," बाई म्हणाल्या, "एकतीस वर्षांत चुकली नाही, ती नेमकी आज चुकली. बरं."

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. व्यवस्थापकांना फोनवर मोठ्याने बोलायची सवय होती; त्यांच्याशी बोलताना मास्तर फोन कानापासून वीतभर लांब धरत, त्यामुळे शब्द न शब्द दुकानभर ऐकू आला. ते अजून हसतच होते.

"मास्तर, अध्यक्षांनी विचारलं हो, पोराच्या कोटाला काय झालं. पण मी त्यालाच विचारलं. तो म्हणतो, माप देताना मीच हात आखडून धरले होते, मास्तरांची चूक नाही. तेव्हा तक्रार काही नाही. तुम्ही फक्त हो म्हणा, मी तसं लिहून टाकतो."

मास्तरांनी फोन तसाच धरून ठेवला. बायकोचं मशीन थांबलं होतं. एक शब्द बोलायचा होता, तोही सोपा, आणि त्यात एकतीस वर्षांचे हिरवे कोट होते. पण पोरगा तिथे उभा राहून आपल्यासाठी खोटं बोलला, आणि तेही आपण आखूड ठरवलेल्या त्याच हातांबद्दल. मास्तरांना ते गिळवेना.

"नाही साहेब," ते म्हणाले. "हात त्याने नीट सोडले होते. माप बरोबर घेतलं, वहीत बरोबर लिहिलं गेलं. कापताना मी बदललं."

"बदललं? का?"

"मला वाटलं, एवढ्याशा माणसाला एवढी बाही नसते."

पलीकडे व्यवस्थापकांचं हसू बंद झालं. "मास्तर, हे मग मला लिहावं लागेल."

"लिहा."

"म्हणजे पुढच्या वर्षीचं..."

"कळलं. याच्या बाह्या मात्र मीच नव्या बसवणार. ठाण शिल्लक आहे. मंगळवारी पाठवा त्याला."

मास्तरांनी फोन ठेवला. टीव्हीवर कुणी तरी आभार मानत होतं. मग पोस्टमनना राहवेना. ते वाईट माणूस नव्हते, पण वाद अर्धवट ठेवायची त्यांना सवय नव्हती.

"मास्तर, वाईट वाटलं बघा. पण म्हणजे बाही खरंच आखूड होती. म्हणजे हात दिसले तेवढे लांब नाहीत."

"ते म्हणाले, 'एवढी बाही'," बाई म्हणाल्या. "एवढी म्हणजे केवढी?"

सगळ्यांचं लक्ष एकदम टेबलावरच्या वहीकडे गेलं. ती दुपारपासून तशीच उघडी होती. त्या पानावर सव्वीस होते आणि तीन ओळी वर मानेपासून जमिनीपर्यंतचा आकडाही होता. पोस्टमनना बेरीज उत्तम येत होती.

मास्तरांनी वही मिटली आणि खणात टाकली.

"आकडा सांगा ना भावोजी, वाद मिटेल," मेहुणा म्हणाला.

"वाद मिटवायला येता का तुम्ही इथे?"

मेहुण्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

"एवढं सांगतो," मास्तर म्हणाले. "कापड कमी आहे म्हणालो होतो, ते मागे घेतो."

"म्हणजे चालेल तो," बाई म्हणाल्या.

"तसं नाही म्हणालो."

"म्हणजे नाही चालणार," पोस्टमन म्हणाले.

"तसंही नाही. माहीत नाही, म्हणतोय."

दुकानात इतक्या वर्षांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. तिघंही थोडे अस्वस्थ झाले आणि त्या दिवशी लवकर उठले. जाताना मेहुण्याने बहिणीला हळूच विचारलं, भावोजींना बरं वाटत नाहीये का. ती म्हणाली, बरं वाटायला लागलंय, जा तू.

मंगळवारी गार्ड आला. नव्या बाह्या बसवलेला कोट त्याने घातला आणि हात खाली सोडले. बाही मनगटाच्या हाडावर येऊन थांबली. तो आरशात स्वतःकडे न बघता मनगटाकडे बघत राहिला, एकदा उजव्या, एकदा डाव्या.

"फोनवर उगाच खरं बोललात, काका," तो म्हणाला.

"तू उगाच खोटं बोललास," मास्तर म्हणाले. "हात वर कर. काखेत ओढतंय का बघू."

ओढत नव्हतं.

महिन्याभराने क्लबचं पत्र आलं. एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानले होते आणि पुढच्या हंगामापासून कंपनी होती. बायकोने ते वाचून दाखवलं, कारण मास्तरांना चष्मा सापडत नव्हता. तो त्यांच्या कपाळावर होता, हे तिने पत्र संपल्यावर सांगितलं.

गार्डचा तो हंगाम ना धड चांगला गेला, ना धड वाईट. पहिले अकरा सामने तो बसूनच होता. बाराव्यात त्याला सहा मिनिटं मिळाली. त्यात त्याने दोनदा चेंडू असा काढून घेतला की समोरचा रिकामे हात हलवत राहिला. आणि दोनदा त्याच्या डोक्यावरून पास असा गेला की तो तिथे नसता तरी चाललं असतं. बाईंनी पहिले दोन लक्षात ठेवले, पोस्टमननी दुसरे दोन. मेहुण्याने सगळं लिफ्टमध्ये बसवलं. मास्तर बघत होते, पण बोलत नव्हते. विचारलं तर म्हणत, अजून बघू द्या.

दुकानात तसा फारसा बदल झाला नाही. सात फुटी माणसं येत नाहीत, त्यामुळे स्टुलावर आता रिळांची टोपली असते. माप घेताना मात्र मास्तर मध्येच थांबतात.

"किती लिहिलंस?"

"तुम्ही म्हणालात तेवढं."

"पण किती?"

ती आकडा वाचून दाखवते. मास्तर टेप पुन्हा लावतात, आणि गिऱ्हाईक बिचारं हात सोडून उभं असतं.